खुंटीवरची एक, पेटीतली एक

दुसरी गिटार घ्यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात एफ कॉर्डपाशी शिरतो. तर्जनी आडवी टाकून सहा तारा दाबायच्या, त्यातल्या दोन मुक्या राहतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि निष्कर्ष निघतो की गिटारच हलकी, आता भारीतली बघू. भारीतली आली आणि एफ तसाच घुमा राहिला, की मग तिसरी. दोष बऱ्याचदा नटमध्ये, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्यात असतो. स्वस्त गिटारींच्या नटच्या खाचा बहुधा उथळच ठेवलेल्या असतात. खाच खोल झाली तर तार खरखरते आणि माल परत येतो. उथळ राहिली तर बोटं दुखतात, आणि बोटं दुखल्याची तक्रार घेऊन कुणी दुकानात जात नाही.

तपासायला अर्धा मिनिट पुरतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. वर्तमानपत्राचा कागद जेमतेम सरकला तर नट ठीक आहे. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर एफ तुमच्या हातून वाजणार नाही, आणि उस्तादाच्या हातूनही कष्टानेच वाजेल. खाच त्या तारेच्या जाडीच्या कानशीने, डोक्याच्या बाजूला किंचित उतार देत घासतात. जास्त घासली गेली तर खाचेत खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडला की काही सेकंदांत ती दगडासारखी होते आणि पुन्हा घासता येते. हा तात्पुरता इलाज आहे, पण वर्षभर टिकतो.

नट झाला की बाकीची मापं. गिटार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा, सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मान आणि अंग जिथे जुळतात त्या फ्रेटवर (ॲकॉस्टिकला बहुधा चौदावा) दाबायची आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. ०.२ ते ०.३ मिमी हवी. शिवाजी उद्यमनगर असलेल्या आपल्या कोल्हापुरात फीलर गेजसाठी (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांसाठी) गिटारचं दुकान शोधत बसू नका, हत्यारांच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेचा वाक सांभाळणारी आतली सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, परत सुरात लावायची, परत मोजायची. रॉड अडला तर जोर करायचा नाही. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: सहाव्या तारेखाली २.५ मिमीच्या आसपास, पहिलीखाली १.८ ते २ मिमी. इलेक्ट्रिकला दोन्हीकडे याहून अर्धा मिमी कमी चालते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल (अंगावरच्या ब्रिजमधली, तारा टेकायची पट्टी) त्याच्या दुप्पट, म्हणजे एक मिमी घासावा लागतो. घासायचा तो खालून, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून. तळ वाकडा झाला आणि खाली तारांची कंपनं टिपणारा पिझो पिकअप असला तर एक तार ओरडते आणि शेजारची कुजबुजते.

खरखर ऐकून गिटार बदलणारेही पुष्कळ. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून घासून जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज काढतात. तिथे ती करामत, गिटारमध्ये तीच तक्रार. पण खरखर कुठे होते त्यावरून दोष सापडतो. नुसत्या मोकळ्या तारेवर होत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल तर मान फार सरळ किंवा उलटी वाकली आहे. बाराव्याच्या पुढे होत असेल तर सॅडल बसका आहे. एकाच जागी होत असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उचलला गेला आहे. यातल्या एकाही दुखण्यावर नवी गिटार हे औषध नाही.

आता खरी गरज कशी मोजायची? माझी कसोटी एकच आहे: जे काम कॅपो, तारांचा सेट, खुंटी किंवा एखादा सुटा भाग बदलून होतं, त्यासाठी गिटार लागत नाही.

गाणाऱ्याचा सूर बदलला म्हणून दुसरी गिटार लागत नाही हे उघड आहे, पण कॅपोचा हिशेब अजून बऱ्याच जणांना जमत नाही, म्हणून लिहितो. समोरचा म्हणाला "काळी दोन" (हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी), तर सी शेप, म्हणजे सी कॉर्डची बोटांची ठेवण धरून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, किंवा डी शेप धरून पहिल्यावर. काळी चारला जी शेप आणि कॅपो पहिल्यावर, काळी पाचला तोच शेप तिसऱ्यावर. प्रत्येक फ्रेट म्हणजे हार्मोनियमची पुढची पट्टी, काळी-पांढरी सगळी धरून. कॅपो फ्रेटला खेटून मागे लावा. मध्येच लावला तर तारा वर चढतात आणि दोष पुन्हा बिचाऱ्या गिटारवर जातो.

ड्रॉप डी ट्यूनिंगला फक्त सहावी तार एक स्वर उतरवायची, वीस सेकंदांचं काम. सगळ्याच तारा अर्धा स्वर उतरवल्या तर ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वर उतरवल्या तर २० टक्क्यांच्या वर. तारा लोंबतात, मान सरळ होते, खरखर सुरू. तेव्हा कायम खालच्या सुरात वाजवणाऱ्याने एक नंबर जाड तारा चढवाव्यात. डी-ए-डी-जी-ए-डीसारखं ट्यूनिंग रोज आणि साधंही रोज, अशी सवय असेल तरच वेगळ्या गिटारचा विचार रास्त आहे. रोज दोन्हीकडे खुंट्या पिळल्या की तारा लवकर मरतात. तरंगत्या ट्रेमोलोच्या (स्प्रिंगांवर हलणाऱ्या ब्रिजच्या) इलेक्ट्रिकवर तर हे करूच नका. तिथे एक तार उतरवली की स्प्रिंगांचा तोल जातो आणि उरलेल्या पाच चढतात. घरात एकच इलेक्ट्रिक ठेवायची असेल तर पक्क्या ब्रिजची घ्या.

सुटा भाग बदलून जी कामं होतच नाहीत ती थोडी आहेत. नायलॉन आणि स्टील ही त्यातली पहिली जोडी. क्लासिकल गिटारचा नट ५२ मिमी रुंद, स्टीलवालीचा ४३-४४. पण खरा फरक आतल्या पट्ट्यांत आणि ताणात आहे. १२ नंबरचा स्टीलचा सेट मिळून सत्तर किलोच्या वर ओढतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. क्लासिकलवर स्टील चढवली की आधी फळीला पोट येतं, मग ब्रिज उखडतो. उलट, स्टीलवालीवर नायलॉन लावली तर काही मोडत नाही, नुसती गिटार रुसल्यासारखी वाजते. दुसरी जोडी ॲकॉस्टिक आणि इलेक्ट्रिक. बारा तारांची हौस वेगळी. बेस तर मोजणीत धरूच नका, ते वेगळं वाद्य आहे.

एवढं गाळल्यावर बहुतेकांची गरज एकावर येते. तरीही कोल्हापुरात राहणाऱ्याने दोन ठेवाव्यात असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण दोन आवाज नव्हे, दोन ऋतू.

गगनबावड्याकडून येणारा पाऊस शहरापर्यंत पोचता पोचता बराच दमतो, हवेतली ओल मात्र दमत नाही. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत उघड्या खोलीत ती सहज ८५ च्या वर जाते, आणि मार्चच्या दुपारी तिशीच्या खाली येते. फळी ओल पिऊन रेषांच्या आडवी फुगते, आतल्या पट्ट्या तिला पसरू देत नाहीत, म्हणून ती वर उठते. ब्रिजच्या मागे पोट दिसतं, तारा उंच होतात. आणि इथेच मोठी चूक होते: ऑगस्टमध्ये तारा उंच वाटल्या म्हणून सॅडल घासला जातो. फेब्रुवारीत फळी खाली बसते आणि आख्खी मान खरखरायला लागते. त्यापेक्षा दोन सॅडल करून ठेवावेत, एकाच्या तळाला पेन्सिलीने "पाऊस" लिहावं, दुसऱ्याच्या "ऊन". नव्या गिटारपेक्षा किती स्वस्त!

सॉलिड टॉपची, म्हणजे अखंड फळीची गिटार हे सोसते पण कुरकुरते. प्लायच्या फळीत थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ती फारशी हलत नाही. आवाज थोडा कोंदट, पण जीव चिवट. पावसात चामड्याची चप्पल घालून कुणी चिखलात उतरत नाही, त्यासाठी दाराशी रबरी जोड असतो. गिटारचंही तसंच. प्लायची एक बाहेर, हाताशी, खुंटीवर. सॉलिडची एक पेटीत. हाताशी असलेलीच रोज वाजते, आणि रोज वाजणाऱ्या गिटारवर माणूस सुधारतो. खुंटी आतल्या भिंतीवर ठोका. पश्चिमेची, पाऊस झोडपणारी भिंत नको. तिची ओल पाठीकडून शिरते.

पेटीतलीसाठी हार्ड केस आणि आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर लागतो. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्के चुकतात, म्हणून आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. तो ७१ दाखवत असेल तर मागे मार्करने "अधिक ४" लिहून टाका. केसमध्ये मलमलच्या पुरचुंडीत १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल, मानेच्या टाचेखाली. रंग बदलणारं नारिंगी घ्या. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास. कापडी बॅगेत हे सगळं वाया जातं, हवा आरपार जाते आणि दाणे दोन-चार दिवसांत ढेपाळतात. उन्हाळ्यात उलटा खेळ: सिलिका बाहेर, आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज आत. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचू लागली की समजा लाकूड सुकतंय. आणि मे महिन्यात गिटार बंद गाडीत सोडू नये. सरस मऊ पडतो आणि ब्रिजची मागची कड उचलते. तिथे कागद दोन मिमीहून जास्त आत गेला तर तारा ढिल्या करून थेट दुरुस्तीला.

नदीकाठच्यांना आणखी एक मर्यादा आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्लीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जिना चढताना माणसाच्या दोन हातांत दोनच पेट्या मावतात.

इलेक्ट्रिक वाजवणाऱ्याची दोनाची जोडी साहजिकच एक इलेक्ट्रिक आणि एक प्लायची ॲकॉस्टिक, वीज गेल्यावर सराव थांबू नये म्हणून. ब्रिजपाशी हंबकर (गुणगुण मारणारा दुहेरी वेटोळ्याचा पिकअप) आणि पुढे दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) अशी मांडणी घेतली तर पिकअपसाठी दुसरी इलेक्ट्रिक लागत नाही. सिंगल कॉइलची गुणगुण ऐकून गिटार विकायला काढण्याआधी घराचं अर्थिंग तपासा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटार ठीक आहे. वाढली तर आतलं वायरिंग चुकलंय. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच बंद करून वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत दोन पिनांच्या सॉकेटला जोड लावून अॅम्प चालवतात, तो प्रकार जिवावरचा आहे. स्वस्त इन्व्हर्टरवरची भणभण वेगळी, तिच्यात गिटारचा दोष नाही.

तिसरी कुणाला लागते? स्टेजवर वाजवणाऱ्याला. कार्यक्रमात तार तुटली तर ती बदलून, ताणून, स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ मंडळ थांबत नाही. ती मुख्य गिटारसारखीच हवी, त्याच तारा, त्याच उंचीची. निराळी नको. नायलॉन मनापासून वाजवणाऱ्यालाही तिसरी माफ आहे. चौथीपासून पुढे नाद. नाद वाईट आहे असं कोल्हापुरात बसून म्हणायची माझी छाती नाही, फक्त त्याला गरज म्हणू नये. रोज तासभर वाजणाऱ्या गिटारला वर्षाला तीन-चार सेट तारा लागतात, आणि न वाजणारीच्या तारा पावसात गंजतात त्या गंजतातच. शिवाय वर्षातून दोनदा वरची सगळी मापं, प्रत्येकीची.

जास्त कोणती ते ठरत नसेल तर प्रत्येक केसमध्ये एक चिठ्ठी टाका आणि दर वेळी वाजवली की तारीख लिहा. जून ते फेब्रुवारी, म्हणजे पाऊस आणि कोरडी हवा दोन्ही जाऊ द्या. जिच्या चिठ्ठीवर सलग तीन महिने कोरे आहेत ती जाऊ दे. विकताना नव्या तारा लावा, बाराव्या फ्रेटची उंची, सातव्याची फट आणि मोजल्याचा महिना कागदावर लिहून द्या. घेणाऱ्याला महिन्याचं महत्त्व कळलं तर तो घासाघीस कमी करतो. आणि ती हार्ड केसमध्ये असेल तर केस ठेवून घ्या, कापडी बॅग द्या.