तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंड कधी तुटणार, ते आधी कळतं का?

उसाचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न मला हमखास येतो. यंत्रांच्या थरथरीने धातू किती झिजतो-थकतो याचा हिशेब मांडणं हे माझं रोजचं काम, म्हणून विचारतात. गेल्या हंगामात वाळवा तालुक्यातल्या मामांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात ट्रॉलीच्या दांडीचा तुटका तुकडा होता. "भरती रोजचीच होती गं, खड्डाही मोठा नव्हता. मग तुटलीच कशी?"

तुकडा मी उन्हात तिरपा धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, तांबूस, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी. सगळ्या वेल्डिंगच्या कडेच्या एका टिंबाभोवती. उरलेला भाग खरखरीत आणि लखलखीत. त्या दिवशी तुटला तो फक्त हा लखलखीत भाग. बाकीची दांडी आधीपासूनच थोडी थोडी तुटत आली होती.

कधी तुटणार याचा अंदाज बांधता येतो. दांडीला ताण मोजणारी पट्टी चिकटवून ट्रॉली रस्त्यावर फिरवली की वेडीवाकडी रेघ मिळते. एक हेलकावा दुसऱ्यासारखा नाही. मग मोजायचं काय? १९६८ मध्ये मात्सुइशी आणि एंडो या जपानी संशोधकांनी वाट काढली. रेघ उभी करायची, तिची वळणं म्हणजे एकाखाली एक उतरती छपरं समजायची आणि पावसाचं पाणी कुठून कुठवर ओघळेल ते बघायचं. ताण एकदा चढून परत उतरला की एक फेरा; एक ओघळ म्हणजे अर्धा फेरा. कौलांच्या पागोळ्या बघत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

पुढे मायनर नावाच्या अभियंत्याचा १९४५ चा नियम. एखाद्या ताणाला दांडी लाख फेरे टिकत असेल, तर तसा एक फेरा आयुष्याचा लाखावा हिस्सा खातो. हिस्से मिळवत जायचं; बेरीज १ झाली की आयुष्य संपलं असं धरायचं. रेघच हाती नसेल, तर कोणत्या वारंवारतेला थरथर किती जोरकस आहे एवढ्यावरून फेऱ्यांचा अंदाज देणारं डिर्लिक या संशोधकाचं १९८५ चं सूत्र आहे.

पण मोठा दणका आधी बसला की नंतर, हे मायनरची बेरीज बघत नाही. शिवाय एकसारख्या दोन दांड्यांच्या आयुष्यात दुपटीचा फरक सहज पडतो. म्हणून मी तारीख सांगत नाही. एक मात्र ठामपणे सांगते: वेल्डिंगच्या जोडावरचा ताण सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. भरती थोडीच जास्त आहे असं म्हणताना हे ध्यानात असू द्या.

"पावसाळाभर ट्रॉली उभीच असते की, तेवढी विश्रांती?" मामांनी विचारलं. लोखंडाचा थकवा विश्रांतीने उतरत नाही. भेग जिथं थांबली, तिथूनच पुढच्या हंगामात चालू लागते.

त्यांची दुसरी ट्रॉली अंगणात भरून उभी होती. दांडीचा जोड घासून स्वच्छ केला, घासलेट लावलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. भेगेत शिरलेलं घासलेट परत वर येतं. थोड्याच वेळात पांढऱ्यावर नखाएवढी ओली रेघ उमटली. मामांनी ती बोटाने चाचपली आणि ड्रायव्हरला ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.