एक छेद आठ मोठा की एक छेद चार?

माझ्या वर्गात दर वर्षी निदान दहा पोरं ठासून सांगतात, की एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा. का? तर आठ चारपेक्षा मोठा म्हणून. मग भाकरी मोडून दाखवावी लागते. अठरा वर्षं मी पाचवी-सहावीला गणित शिकवते आहे आणि हसू दाबून हे ऐकते आहे. मागच्या वर्षी हीच चूक मी स्वतः सलग तीन आठवडे केली, गळ्यात कॅमेरा अडकवून.

कॅमेरा भाच्याचा. त्याने नवा मिररलेस घेतला आणि जुना डीएसएलआर, त्याची १८-५५ मिलिमीटरची लेन्स, शिवाय एक ५०ची, असं सगळं पिशवीत घालून दिवाळीला माझ्या हवाली केलं. "मावशी, आधी ऑटोवर ठेव आणि नुसतं बटण दाब." दाबलं. महिनाभरात सातशे फोटो झाले आणि फोनपेक्षा बरा म्हणावा असा एकही नव्हता. देवघरात कॅमेरा धरला की फ्लॅश टपकन वर यायचा आणि समईच्या उजेडाची पार वाट लावायचा.

मग व्हिडिओ बघायला लागले. जो तो एक त्रिकोण काढतो : ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा). मला विचाराल तर त्या त्रिकोणाने काहीही कळत नाही. कुठली बाजू कुठल्या बाजूला का जोडलीय, हे कुणी सांगत नाही. माझं गाडं तर पहिल्याच बाजूवर अडलं. एफ ४पेक्षा एफ ८ मोठा, म्हणजे छिद्र मोठं, म्हणजे उजेड जास्त, असं धरून मी संध्याकाळी आकडा वाढवत होते आणि फोटो आणखी काळे होत होते. कॅमेरा बिघडलाय म्हणून भाच्याला दोनदा फोन केला.

उलगडा झाला तो सूत्र सापडल्यावर. लेन्सचं नाभीय अंतर (लेन्सवर लिहिलेले ते मिलिमीटर) भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे तो एफचा आकडा. ५०च्या लेन्सला एफ २ म्हणजे छिद्र २५ मिलिमीटरचं, एफ ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा. आकडा छेदातला होता हो! आणि ती १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी वेडीवाकडी वाटणारी माळ? प्रत्येक पायरीला दोनाच्या वर्गमुळाने गुणत जायचं. व्यास तेवढ्या पटीने कमी झाला की वर्तुळाचं क्षेत्रफळ निम्मं, उजेड निम्मा. हे वहीत मांडलं आणि इतकी खूश झाले, की सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी "बरं" म्हणून गॅस बंद करायची आठवण केली.

त्यांचाच फोटो काढला मग, ५०ची लेन्स १.८वर पूर्ण उघडून, अगदी जवळून. मागची भांड्यांची मांडणी लोण्यासारखी विरघळली, पण नाकाचा शेंडाही विरघळला. डोळा तेवढा लख्ख. छिद्र मोठं केलं की स्पष्ट दिसणारा पट्टा किती अरुंद होतो, ते त्या नाकाने शिकवलं. एफ ४वर नाक परत आलं.

शटर स्पीड शाळेच्या मैदानावर एका दुपारीत कळला. खो-खोत खांबाला सूर मारणारी पोरगी एक छेद साठ सेकंदाला नुसता पट्टा, एक छेद हजारला हवेत थांबलेली, उडालेल्या मातीच्या कणांसकट. आयएसओबद्दल एवढंच सांगते, की तो वाढवल्यावर फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नये. गॅदरिंगचा नाच ३२००वर काढला. फोटो थोडा रवाळ आला, पण हलला नाही. हललेला फोटो कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही.

खरा छळ झाला राखाडी रंगाचा. शेजारच्यांची म्हैस काळीकुळकुळीत, फोटोत राखेत लोळून आल्यासारखी. उलट प्रार्थनेला उभ्या पोरांचे पांढरे सदरे मळके दिसायचे. साबणाची जाहिरात करावी, 'आधी'चा फोटो म्हणून. कारण मजेशीर आहे. कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाला म्हैस आणि सदरा यातलं काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास उजेड परतवतंय, असं तो गृहीत धरतो. म्हणून काळ्याला उजळवून आणि पांढऱ्याला दाबून सगळ्यांना एकाच राखाडीवर आणतो. त्याला आपण सांगायचं असतं, अधिक-उणेच्या बटणाने. आणि सांगायचं उलटं : पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. म्हशीला उणे एक दिल्यावर ती पुन्हा म्हैस झाली.

एवढी तयारी झाली आणि मेची सुट्टी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आमच्यापासून गाडीने तासाभरावर. तिथल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि बरोबर त्याखाली गोल रंगशिला. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य नेमका डोक्यावर. म्हणजे उन्हाचं वर्तुळ अचूक रंगशिलेवर पडणार. गणिताच्या बाईने हे चुकवायचं कसं?

सव्वाबाराला पोचले. भोवतीचे काळ्या दगडाचे खांब सावलीत, मध्ये आग ओकणारं ऊन. पहिला फोटो कॅमेऱ्याच्या मनाने काढला. खांब छान आले आणि वर्तुळ कोऱ्या कागदासारखं. स्क्रीनवर तेवढाच भाग लुकलुकत होता, म्हणजे जळाला, तिथे काहीच नोंदलं गेलेलं नाही. वर्तुळ धरून मोजलं तर खांब रात्रीसारखे. तेवढ्यात शेजारच्या कॉलेजच्या पोराने फोन वर केला, एकदा टिचकी मारली आणि त्याच्या फोटोत दोन्ही होतं! फोन एका दमात चारपाच कमी-जास्त उजेडाचे फोटो घेऊन आतल्या आत जोडतो, हे मला माहीत होतं. तरी चरफडले.

मग ठरवलं, ऊन वाचवायचं. जळालेलं परत येत नाही, अंधारातून थोडंफार वर काढता येतं, तेही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढलं तर. मॅन्युअलवर आले, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे. आयएसओ १००, एफ ८, एक छेद चारशे. दगडावरच्या चिरा दिसायला लागल्या, खांबांच्या फक्त कडा. घड्याळात बारा पंचवीस.

एक चारपाच वर्षांचा मुलगा पळत येऊन वर्तुळात उभा राहिला, पांढरा शर्ट घालून. त्याच्या आईकडे बघून कॅमेरा दाखवला, तिने मान हलवली. आता हा शर्ट जळणार, हे डोळ्यांआधी बोटाला कळलं. शटरचं चाक तीन खटके फिरवलं, एक छेद आठशे, आणि दाबलं. दुसऱ्या क्षणी पाय पोळले म्हणून तो पळाला.

खांब अंधारातच राहिले. घरी रॉ फाईलमधून थोडे वर आणले, ओढून-ताणून नाही. स्टुडिओतून बारा बाय अठराची प्रिंट काढून जूनमध्ये वर्गात लावली. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून हात वर आला.

"बाई, ह्याची सावली कुठं गेली?"

तो तास अपूर्णांकांचा होता. भाकरी डब्यातच राहिली.