कमळबीचं काळीज

सिशन थांग हे तैवानी सूप करायला कठीण नाही असं जो कुणी सांगतो, त्यानं कमळबी कधी स्वतः आणलेली नसते. बाकी सगळं भांड्यात टाकायचं आणि विसरायचं. माझे तीन रविवार गेले ते या एका बीपायी, आणि अजून तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

मी तैवानमध्ये शिन्चूला पीएचडी करते. हिवाळ्यात पोटाचा संसर्ग झाला, आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं. पोट थांबलं, पण त्यानंतर दोन घासांत पोट भरायचं आणि प्रयोगशाळेचा जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. (तुम्हालाही असं होत असेल तर आधी हेच करा, सूप नंतर.) आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळी बिल्डिंग ‘आमा’ म्हणजे आजी म्हणते, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझी फी थकलीये.” माझ्या डोळ्यांसमोर विद्यापीठाचं बिलच आलं. ‘फी’ म्हणजे प्लीहा. चिनी वैद्यकात अन्न पचवणं आणि त्यातून अंगात ताकद आणणं, हा सगळा कारभार प्लीहेकडे असतो. त्यावर आमांचा उपाय ठरलेला होता, सिशन थांग.

‘सिशन’ म्हणजे चार देव. आमा सांगतात की मूळचे ते चार मंत्री. त्यांच्या होक्क्येन बोलीत मंत्री आणि देव या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, म्हणून मंत्र्यांना बढती मिळाली. हे चौघे म्हणजे कमळबी, हुआइशान, फूलिंग आणि छ्येनशी. हुआइशान हा आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद, वाळवलेल्या पांढऱ्या चकत्या मिळतात. फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. दिसायला खडू आणि चवीलाही जवळपास खडूच. छ्येनशी बघून मात्र मी चाट पडले. मखाण्याची बी! आपण खातो त्या तिच्या लाह्या, इथे लाह्या न फोडता बीच अर्धी करून शिजवतात. (घरात मखाणे आहेत म्हणून ते टाकू नका. लगदा होतो.)

खरेदीला मी तैपेईच्या तीहुआ रस्त्यावर गेले. सुकामेवा, वाळवणं आणि औषधी मुळ्यांची जुनी पेठ आहे ती, पैमन स्टेशनवरून चालत जाता येतं. माझी अक्कल अशी की गेले नेमकी चिनी नववर्षाच्या आधीच्या आठवड्यात. त्या दिवसांत अख्खं तैपेई तिथे लोटतं. दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यानं दोन पोत्यांकडे बोट दाखवून विचारलं, “यौ शिन दं की छ्यू शिन दं?” माझ्या चिनीत ‘शिन’ म्हणजे नवीन. मी खुश. ‘यौ शिन दं’, म्हणजे नवा माल आहे. तोच द्या म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, तोललं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

‘शिन’ म्हणजे काळीजसुद्धा. स्वरही तोच. ‘यौ शिन दं’ म्हणजे काळीज असलेली, ‘छ्यू शिन दं’ म्हणजे काळीज काढलेली. कमळबीच्या पोटात हिरवा कोंब असतो, तो कडू जहर. हे मला कळलं तेव्हा भांडंभर सूप तयार होतं आणि पहिल्या घोटाला माझे कान हलले. त्या दुकानदारानं अर्धं मिनिट खर्च केलं असतं तर काय बिघडलं असतं? परकी बाई कडू बी इतक्या आनंदानं मागते आहे, हे त्याला दिसत नव्हतं का?

पुढच्या रविवारी मी हट्टाला पेटले. उरलेली बी टाकून द्यायची नाही. आपण मराठी माणसं कडधान्य जसं भिजवतो तशी ती शनिवारी रात्री गार पाण्यात भिजवली, सकाळी एकेक उकलून टूथपिकनं कोंब काढले. त्र्याऐंशी बिया. मोजल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग टाटुंगमध्ये ठेवलं. टाटुंग म्हणजे इथे घरोघरी असलेला विजेचा कुकर, १९६० पासून चालत आलेला. आतल्या भांड्यात जिन्नस, बाहेरच्या भांड्यात पाणी. ते आटलं की बटण टक्‌कन वर येतं. बाहेर एक कप पाणी म्हणजे साधारण वीस मिनिटं. मी तीन कप घातले. टक्. फूलिंग मऊ, हुआइशान विरघळायला आलेला, कमळबी कच्च्या शेंगदाण्यासारखी. आणखी तीन कप. टक्. तशीच. आणखी तीन. रात्रीचे दहा वाजले, हुआइशान दिसेनासा झाला आणि कमळबी दाताखाली कुरकुरत होती. चीनच्या ईशान्येला एका आटलेल्या तळ्याच्या मातीत सुमारे १३०० वर्षं पडून राहिलेली कमळबी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवली आहे. जी बी तेराशे वर्षांना दाद देत नाही, ती माझ्या नऊ कपांना काय देणार!

आमांना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. वाळकी कमळबी गार पाण्यात भिजवली की रुसते, मग कितीही शिजवा. नुसती धुवायची आणि थेट उकळत्या पाण्यात सोडायची. हे त्यांनी आधी का नाही सांगितलं? “तू विचारलंस कुठे?”

तिसऱ्या रविवारी कोंब काढलेली बी आणली, शिन्चूच्याच बाजारातून. चारही जिन्नस प्रत्येकी एक ल्यांग, म्हणजे ३७.५ ग्रॅम. (तैवानचा चिन ६०० ग्रॅमचा, त्याचे १६ ल्यांग. मी आधी अर्धा-अर्धा चिन आणून बसले होते, माझं फूलिंग पुढच्या वर्षापर्यंत पुरेल.) इथे डुकराचं आतडं घालतात. मी वजडी खाणाऱ्या घरातली, तरी ते धुण्याची हिंमत झाली नाही, कोंबडीच्या तंगड्या घातल्या. उकळलेलं पाणी, सगळं एकदम आत, बाहेर तीन कप. टक्. कमळबी उकडलेल्या बटाट्यासारखी! मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

मीठ शेवटी घाला. वाढताना इथे तांदळाच्या दारूचे चार थेंब टाकतात, सूप जागं होतं. बरेच जण ईरन नावाचं भरड धान्यही घालतात. गरोदर बायकांनी ते टाळावं असं इथे सांगतात. आणि बद्धकोष्ठ असेल तर हे सूप नकोच, कमळबी आणि छ्येनशी दोन्ही आवळणाऱ्या.

भूक परत आली. पण तोवर आजारपणाला दीड महिना उलटला होता, त्यामुळे श्रेय देताना माझा हात जरा आखडतो. आईला व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवली तर ती म्हणाली, “कमलाक्षाची माळ असते ती हीच ना? ती उकळून खाल्लीस?”

मी काढलेले ते त्र्याऐंशी कोंब आमा डबीत भरून घेऊन गेल्या. त्या त्यांचा चहा करून पितात. मलाही एक कप पाठवला होता. मी तो कुंडीत ओतला.