शेताची कड

आमच्या चर्चच्या आवारात मे ते ऑगस्ट गवत कापत नाहीत. कबरींकडे जाणाऱ्या वाटा तेवढ्या मोकळ्या ठेवतात, बाकी सगळं गुडघाभर वाढू देतात. मी राहते त्या डर्बीत, आणि एकूणच इंग्लंडमध्ये, हिरवळ बारीक कापलेली नसली की लोकांना ती हेळसांड वाटते. त्यामुळे सुरुवातीला तक्रारी आल्या, विशेषतः ज्यांची माणसं तिथे पुरली आहेत त्यांच्याकडून. त्यांचं दुःख मला समजत होतं. शेवटी कमिटीने ठरवलं की अलीकडच्या कबरींचा भाग नीट कापायचा आणि जिथे आता कुणी फुलं घेऊन येत नाही तिथे गवत वाढू द्यायचं. उन्हाळा संपताना ते कापून आवाराबाहेर नेतात. तिथेच कुजलं तर जमीन सकस होते, गवत माजतं आणि रानफुलं दबून जातात. कधीच नांगर न लागलेली, खत न पडलेली जुनी कुरणं या देशात फार थोडी उरली आहेत. त्यांचे तुकडे सापडतात ते अशा चर्चच्या आवारांत. मनोऱ्यात पाकोळ्यांसाठी लाकडी खोकी बसवली आहेत. २०२१पासून या देशात पाकोळी धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितलंय की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नका, कापताना मागे पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. पुण्यात गुरुवार पेठेत, पवित्र नाम देवालयात, मी हे वचन लहानपणापासून ऐकत आले. तिथे ते दानधर्माबद्दल आहे असं वाटायचं. इथे आल्यावर त्यातली जमीनही दिसू लागली.

तुमच्यापैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, म्हणून थोडं सांगते. आपल्याकडचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं, आणि तेही चर्च ऑफ इंग्लंडप्रमाणेच जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात आहे. या कुटुंबाने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाच्या पाच खुणा ठरवल्या आहेत. त्यातली चौथी समाजातल्या अन्यायाच्या रचना बदलण्याची, पाचवी सृष्टी जपण्याची. म्हणजे कागदावर पुणे आणि डर्बी यांची जबाबदारी एकच आहे.

इथे त्या कागदाचं काय होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी २०२०मध्ये जनरल सिनॉडने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च सभेने, मतदान करून ठरवलं की २०३०पर्यंत या चर्चने नेट झिरो गाठायचं, म्हणजे हवेत सोडलेला आणि शोषला गेलेला कार्बन सारखा करायचा. या चर्चच्या सुमारे १६,००० इमारती आहेत, त्यातल्या बहुतेक ऐतिहासिक म्हणून संरक्षित. किरकोळ डागडुजी सोडली तर कुठल्याही बदलाला बिशपच्या धर्मप्रांताची परवानगी लागते. २०२२पासून नियम असा झाला की जुना बॉयलर काढून पुन्हा तसाच गॅसचा बसवायचा असेल, तर दुसरे पर्याय तपासून का नाकारले ते लिहून द्यावं लागतं. दरवर्षी प्रत्येक चर्चने आपली वीज आणि गॅसची बिलं एका तक्त्यात भरायची, की उत्सर्जनाचा आकडा समोर येतो. खर्चासाठी नऊ वर्षांकरिता १९ कोटी पौंड बाजूला काढले आहेत. आणि २०२३मध्ये चर्चच्या गुंतवणूक सांभाळणाऱ्या मंडळांनी शेल, बीपी अशा मोठ्या तेल कंपन्यांतून पैसा काढून घ्यायचं जाहीर केलं. आधी कित्येक वर्षं भागधारक म्हणून त्यांनी या कंपन्यांना बदलायला सांगून पाहिलं होतं. त्याच पैशातून पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, पेन्शन जाते, म्हणून हा निर्णय मला प्रवचनांपेक्षा वजनदार वाटतो.

पण खरी परीक्षा २०२२च्या हिवाळ्यात झाली. युक्रेनच्या युद्धानंतर गॅसचे भाव असे चढले की लोक घरात हीटर लावायला घाबरू लागले. आमच्या चर्चमध्ये तेव्हा गॅस कमी करण्याची चर्चा सुरू होती, आणि त्याच आठवड्यांत वृद्ध माणसं दुपारची ऊब शोधत दारात येत होती. देशभरच्या चर्चनी तेव्हा ‘उबदार जागा’ उघडल्या. आमच्या कमिटीत मोठी वादावादी झाली. एका आजोबांनी विचारलं, कार्बन मोजायचा की माणसं? मार्ग असा निघाला: उंच छताखालची सगळी हवा तापवणं बंद, उपासनेच्या वेळी फक्त बाकांखालचे छोटे विजेचे हीटर, आणि शेजारचा लहान हॉल आठवड्यातून काही दिवस दिवसभर गरम, सूप-पावासकट, कुणालाही खुला. त्याच हॉलमध्ये फूड बँक भरते. डॉक्टर किंवा समाजसेवक चिठ्ठी देतात, ती दाखवली की तीन दिवसांचा शिधा मिळतो. श्रीमंत देशात हे लागतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. सुगीच्या सणाला इथे वेदीपुढे भोपळ्यांच्या जोडीला बीन्सचे डबे आणि बाळाचं दूध मांडतात, ते त्या हॉलमध्ये जातं.

पुण्यातली माझी मावशी तिच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “अगं, आपल्याकडे कुठे काय तापवायचंय? उन्हाने जीव जातो.” बरोबर आहे. आपली कड वेगळ्या जागी आहे. नाताळच्या, लग्नाच्या जेवणानंतर आपण उष्टं, कागदी कप आणि प्लास्टिक एकाच पिशवीत कोंबतो, आणि ती पिशवी ‘स्वच्छ’च्या ताई हाताने उपसून निवडतात. कचरावेचक बायांनी १९९३पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था केली. त्यांच्या हातांवर शहर चालतं. ओला-सुका वेगळा देणं म्हणजे त्यांना सरवा नीट ठेवणंच. छतावर सौर पॅनेल आणि पावसाचं पाणी बोअरवेलकडे वळवणं हेही करायला हवंच, आणि आपल्या दगडी देवळांच्या छतांचे उतार मोठे आहेत. पण पैसे उभे राहीपर्यंत थांबायची गरज नसलेलं काम कचऱ्याचं आहे.

मावशीने विषय पुढच्या बैठकीत घेतलाय. खजिनदारांनी दोन प्रश्न विचारले: स्टीलची ताटं-वाट्या भाड्याने आणायच्या की विकत घ्यायच्या, आणि धुणार कोण? दुसऱ्याचं उत्तर मी तिला सुचवलं आहे: तरुण संघ आणि कमिटीचे सभासद, पाळकांसकट. पुण्यातल्या कुणाच्या मंडळीने, मंडळाने किंवा सोसायटीने हे आधी करून पाहिलं असेल तर खर्च किती आला आणि काय अडलं, ते मला कळवा. तिला सुगीच्या सणाआधी हिशोब मांडायचा आहे.