आमची वाटचाल : सरकारी आरोग्याची वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून

टेंडरच्या कागदात एक ओळ हमखास असते: ‘संकेतस्थळ जीआयजीडब्ल्यूनुसार असावे.’ जीआयजीडब्ल्यू म्हणजे सरकारी वेबसाईटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं. बहुतेक ठिकाणी ही ओळ मागच्या टेंडरातून जशीच्या तशी आलेली असते आणि पुढे तिच्याकडे कुणी पाहत नाही. नागपुरातली आमची छोटी फर्म याच ओळीवर उभी राहिली, आणि ही ओळ खरी मानल्यामुळेच एकदा बंद पडायच्या बेतात आली होती. या धंद्यातल्या लोकांना जीआयजीडब्ल्यू नव्याने सांगायला नको. २००९ ची पहिली आवृत्ती आणि २०२३ ची तिसरी यांत बरंच अंतर आहे. तिसरी डब्ल्यूसीएजी २.१ या, वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या डबल-ए पातळीला बांधलेली आहे आणि त्या पातळीचा एकेक निकष तपासून दाखवता येतो. तपासता येत असताना ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांचा आम्हाला अजूनही राग येतो.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला त्या सुमारास आमच्याकडे शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं आणि ट्रॅव्हल्सवाल्यांच्या वेबसाईट होत्या. वळण लागलं ते धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमुळे. लॅबच्या मॅडमचं म्हणणं साधं होतं: पेशंटला दिसत नसलं तरी रिपोर्ट त्याचा त्याला कळला पाहिजे. त्यांचं सॉफ्टवेअर रिपोर्टचं चित्र करून पीडीएफमध्ये बसवत होतं, त्यामुळे स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एकही अक्षर सापडत नव्हतं. आम्ही टॅग असलेला, म्हणजे शीर्षक कोणतं आणि तक्ता कोणता हे आत नोंदलेला, पीडीएफ तयार करून दिला. तपासणीचं नाव, निकाल, एकक आणि सामान्य मर्यादा हे चार रकाने, वरच्या ओळीला हेडरचा टॅग, आणि पाचवा नवा रकाना ‘कमी’, ‘जास्त’ किंवा ‘योग्य’ असा. जीव त्या पाचव्या रकान्यात आहे. आधी मर्यादेबाहेरचा आकडा नुसता लाल छापला जायचा. ज्याला रंग ओळखता येत नाहीत किंवा जो ऐकून वाचतो, त्याच्यापर्यंत तो लाल पोहोचतच नाही. आता फोन वाचतो: हिमोग्लोबिन, ८.९, ग्रॅम प्रति डेसिलिटर, कमी.

विदर्भात याला वेगळं वजन आहे. सिकलसेल हा २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक. या आजारात खुब्याचा सांधा झिजतो, हातपाय दुखतात, काहींची नजर जाते. असा पेशंट मोबाईलवर बारीक बटण शोधत बसू शकत नाही. मॅडमना हे सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्या खुर्चीसमोर असे पेशंट रोज बसतात. देखभालीचे पैसे त्यांनी पहिल्या वर्षापासून आजवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिले. असा एक ग्राहक म्हणजे काय असतं, ते ज्यांची सरकारी बिलं अडकली आहेत त्यांना विचारा.

मधली वर्षं बरी गेली. मग विदर्भातल्या एका सरकारी आरोग्य संस्थेच्या वेबसाईटचं काम मिळालं. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही.

असं काम हाती घेतलं की आम्ही पहिल्यांदा माऊस काढून ठेवतो. फक्त टॅबने फिरायचं आणि फोकस, म्हणजे त्या क्षणी निवडलेली लिंक किंवा बटण, कुठे आहे ते दिसतं का पाहायचं. बहुतेक वेळा दिसत नाही, कारण डिझायनरने फोकसभोवतीची चौकट ‘खराब दिसते’ म्हणून सीएसएसमधून, म्हणजे सजावटीच्या कोडातून, काढलेली असते. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू करायचा. तो फुकट आहे, त्यामुळे सबब नाही. एच दाबत गेलं की हेडिंगमागून हेडिंग ऐकू आलं पाहिजे. नुसती ठळक केलेली ओळ त्याच्या लेखी हेडिंग नसते. इन्सर्ट आणि एफ-७ दाबलं की पानावरच्या लिंकची यादी उघडते. त्यात ‘इथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’ अशाच ओळी असतील, तर कोणती लिंक प्रसूती विभागाची आणि कोणती रक्तपेढीची हे कुणालाच कळणार नाही. त्यानंतर १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठं करायचं. मजकूर एका स्तंभात खाली उतरला पाहिजे, वाचायला आडवं सरकावं लागता कामा नये. शेवटी स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर. एक्स आणि वेव्ह ही आपोआप तपासणी करणारी साधनं आम्ही या सगळ्यानंतर चालवतो. ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, आहे की नाही एवढं ती सांगतात. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक असलेल्या बॅनरला ‘बॅनर-३’ असं ऑल्ट दिलेलं असलं तरी ती त्याला पास करतात.

या वेबसाईटवर सगळ्यात पहिलं सापडलं ते भाषेचं. मजकूर मराठी, पण कोडात भाषा इंग्रजी नोंदलेली. स्क्रीन रीडर त्या नोंदीवर विसंबून इंग्रजी आवाज निवडतो. मग काही आवाज देवनागरी आली की गप्प बसतात, काही अक्षरं फोडून वाचतात. एका अ‍ॅट्रिब्यूटचं काम, पण ते झाल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. गोंदिया-गडचिरोलीइतकेच बालाघाट-छिंदवाड्याचेही पेशंट नागपूरला येतात, म्हणून हिंदी पानं असतातच. त्यांना हिंदीची नोंद वेगळी द्यावी लागते.

मग रंग. मोठ्या हौसेने शीर्षकं केशरी केलेली होती. एफएफ-९९-३३ या कोडचा केशरी पांढऱ्यावर जेमतेम २.१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर, देतो. साध्या मजकुराला हवा ४.५, मोठ्या अक्षरांना ३. तोच रंग गडद करत विटकरीपर्यंत नेला की आकडा ५ च्या वर जातो आणि पान केशरीच वाटतं. राखाडीत नेहमी फसवणारा रंग म्हणजे कोडात सहाही जागी ७ असलेला. तो ४.४८ भरतो, म्हणजे नापास.

सगळ्यात मोठं काम पीडीएफचं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसतं, कोणती कागदपत्रं लागतात, हे पान दिव्यांगांनाच सर्वांत जास्त लागतं. नेमका तोच सही-शिक्क्याचा तिरका स्कॅन होता. बाकी जुन्या फाईली कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतांत, बदलणारा कन्व्हर्टर लावला की काम संपलं असं समजू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर जोडाक्षरांपाशी चुकतो, म्हणून प्रत्येक पान माणसानेच वाचावं लागतं. ‘ॲम्ब्युलन्स’मधला पहिला ‘ॲ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक ‘अ’वर चंद्र जोडून, ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. दिसायला सारखेच, पण एकात शोधलं तर दुसरं सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात. आमच्या ऑपरेटर मुलींनी हे काम ज्या बारकाईने केलं, तसं विदर्भात दुसरीकडे झालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

फॉर्मचंही सांगून टाकतो, कारण केसपेपरची रांग वाचवायची तर खरा उपयोग तिथे. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, क्रमांक १४ आकडी. त्यासाठी चार वेगळे चौकोन करून फोकस आपोआप पुढे पळवणं बंद करा. एकच चौकोन ठेवा, मोकळी जागा आणि आडव्या रेघा चालू द्या, साफसफाई सर्व्हरवर करा. ओटीपीचंही असंच. जन्मतारखेला कॅलेंडर देऊन साठीच्या माणसाला महिन्यामागून महिना मागे नेऊ नका, टाइप करू द्या. चूक झाली तर चौकट लाल करून थांबू नका, ‘मोबाईल क्रमांक १० आकडी हवा’ असं लिहा आणि ते वाक्य त्या चौकोनाला कोडात एरिया-डिस्क्राइब्डबाय लावून जोडा. सत्र संपणार असेल तर आधी सूचना द्या, वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. आणि चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा दवाखान्याच्या वेबसाईटवर ठेवूच नका. मोबाईलवर ओटीपी जातोच आहे, मग यंत्र की माणूस ही परीक्षा कशाला?

पहिला टप्पा पूर्ण झाला, आणि दुसऱ्या टप्प्याचं टेंडर नव्याने निघालं. तिथे दुसरी एक कंपनी आली. त्यांचं उत्तर म्हणजे पानाच्या कोपऱ्यात एक बटण: दाबलं की अक्षरं मोठी, पान काळं-पिवळं, मजकूर वाचून दाखवणारा आवाज. समितीपुढे हे झकास दिसतं. पण ज्याला दिसत नाही तो ते बटण शोधेपर्यंत त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरूच असतो. त्यावर दुसरा आवाज चढला की दोन्ही कळत नाहीत. लेबल नसलेला फॉर्म बटण दाबल्यावरही लेबल नसलेलाच राहतो, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफला तर ते बटण हातही लावत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असंच बटण, म्हणजे विजेट, विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. आम्ही तेच मुद्दे समितीला लेखी दिले होते, त्याच्या कितीतरी आधी. दर त्यांचा कमी होता. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, ते ठरले.

त्यानंतरचं जास्त बोचणारं. नव्या वेबसाईटवर आमची युनिकोड पानं गेली आणि जुने स्कॅन परत आले. मग आमच्या पहिल्या टप्प्याच्या बिलावर शेरा पडला, की सदर काम संकेतस्थळावर आढळत नाही. बिल आधीच काढलेलं असल्याने त्यावरचा १८ टक्के जीएसटी आम्ही खिशातून भरून मोकळे झालो होतो. ओव्हरड्राफ्ट तळाला गेला. अनामत रक्कम अडकलेलीच. ऑपरेटरचे पगार धंतोलीच्या लॅबने वर्षभराची देखभाल आगाऊ दिली म्हणून झाले. आम्ही मागितली नव्हती. ज्यांनी तो शेरा मारला त्यांनी आमची पानं एकदा एनव्हीडीएवर ऐकली असती, तर तो मारला नसता.

म्हणून नव्या लोकांना सांगतो: सरकारी कामात आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं, बिल द्या, काम प्रमाणित झाल्यावरच टॅक्स इनव्हॉइस काढा. सुपूर्द करताना प्रत्येक पानाची प्रत आणि तपासणीचं ध्वनिमुद्रण सहीनिशी पोहोच करा. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या पैशावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. आमचे पैसे शेवटी आले, व्याज आलं नाही, आणि ते सोडून दिल्याचं आम्हाला अजून लागतं.

वारं बदललं ते दिल्लीहून. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्कांच्या २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून उरली होती. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यानंतर ज्या कार्यालयांत आमचे फोन उचलले जात नव्हते, तिथून आम्हाला फोन आले. त्याच संस्थेचं कामही परत आलं. कोपऱ्यातलं बटण आम्ही काढून टाकलं, जुनी युनिकोड पानं आमच्याकडच्या प्रतींवरून पुन्हा चढवली.

टेंडर लिहिणाऱ्यांनी आता तरी ती एक ओळ बदलावी. ‘जीआयजीडब्ल्यूनुसार’ एवढंच न लिहिता अमुक पानं, अमुक फॉर्म, एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हाताने अधू अशा वापरकर्त्यांकडून तपासून, असं लिहा, आणि त्या वापरकर्त्यांचं मानधन दरपत्रकात वेगळ्या ओळीत ठेवा. आमच्या दरपत्रकात ती ओळ असते आणि घासाघीस करताना आम्ही ती कमी करत नाही.

वेबसाईट सुपूर्द झाल्यावर बिघडते ती रोज परिपत्रक चढवणाऱ्या टेबलावर. त्या माणसाला अर्धा दिवस बसवून शिकवा. वर्डमध्ये शीर्षकाला हेडिंगची स्टाईल द्यायची, मग ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करायचा, ‘प्रिंट टू पीडीएफ’ नाही, कारण त्यात टॅग गळून पडतात. ओपीडीचं वेळापत्रक पीडीएफ न करता पानावरच तक्ता म्हणून टाकायचं, वार आणि विभाग हेडरमध्ये. सही-शिक्क्याचा स्कॅन ठेवायचाच असेल, तर तो खाली वेगळ्या लिंकवर ठेवायचा आणि फाईलचा प्रकार व आकार लिंकच्या मजकुरातच लिहायचा.