गिअरबॉक्सखालचा थेंब: २,३८,००० किमी झालेल्या इंजिनाची ऑइल गळती

ओडोमीटर २,३८,४१०

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की डिपस्टिकवरची पातळी जरा लवकर उतरतेय. आता आकडा हाती आलाय: १,००० किलोमीटरला साधारण ४०० मिली. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, कूलंटवर तवंग नाही, म्हणजे ऑइल बाहेरच कुठेतरी चाललंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर नाण्याएवढे तीन डाग होते, तिन्ही इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याच्या बरोबर खाली.

या जागी डाग दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील. मलाही दोघांनी तेच सांगितलं. सील असतं तळहाताएवढं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच सोडवायचा, फ्लायव्हील काढायचं. एवढा पसारा मांडण्याआधी मला पुरावा हवा होता.

पहिली शंका गिअर ऑइलची. त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. पुठ्ठ्यावरच्या डागाला तो वास नव्हता आणि रंग डिपस्टिकवरच्या ऑइलसारखाच होता. ही शंका तिथेच मिटली.

ओडोमीटर २,३८,४३५

माखलेल्या इंजिनावर गळती शोधायला बसू नका, हे कळकळीनं सांगते. वाऱ्याच्या झोतानं ऑइल मागे सरकतं, वजनानं खाली उतरतं, आणि जिथे टपकतं तिथपासून उगम दोन वीत लांब असू शकतो. वर्षानुवर्षांच्या काळ्या थरात तो दिसणं अशक्य. मी इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटर आणि कॉइलची कनेक्टर पिशव्यांनी बांधली, डिग्रीझर मारला, ब्रशनं घासलं, पाणी अगदी बेतानं वापरलं. निम्मी सकाळ गेली.

नंतर ऑइलमध्ये गळती दाखवणारा चमकता डाय घातला आणि २० किलोमीटर फिरून आले. (डाय मिळत नसेल तर सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. ऑइल पाझरलं की पांढऱ्यावर काळा ओघळ उठतो.) अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च मारला आणि बराच वेळ तशीच पाहत उभी राहिले. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून पिवळीधमक रेघ निघाली होती. हेडच्या कडेनं उतरून, बेल हाऊसिंगच्या (क्लच आणि फ्लायव्हीलभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या) पाठीवरून वळून ती थेट खालच्या सांध्यावर येऊन थांबली होती.

तरी एक खात्री बाकी होती. गाडी जॅकवर चढवली, दोन्ही बाजूंना स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका) आणि बेल हाऊसिंगचा खालचा पत्रा सोडला. मागचं सील गळत असतं तर फ्लायव्हीलनं ऑइल आतल्या भिंतींवर उडवलं असतं. आत क्लचची कोरडी धूळ होती, चमक कुठेच नाही. गिअरबॉक्स जागच्या जागी राहणार!

त्याच फेरीत दुसरी गळतीही सापडली. ऑइल प्रेशर स्विचचं कनेक्टर काढलं तर आत ऑइलचं तळं. या स्विचमध्ये आतला पडदा फाटला की ऑइल थेट वायरीच्या टोकातून वर येतं, बाहेरचा आटा कोरडाच दिसतो. म्हणून कनेक्टर काढूनच बघा.

ओडोमीटर २,३८,४३५, दुसरा दिवस

टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग (सांध्यातली रबरी पट्टी) आणून बसवलं असतं तर काम इथेच संपलं असतं. पण मला एक प्रश्न सोडेना. हेच पॅकिंग मी १,९०,००० च्या सुमारास बदललं होतं. पन्नास हजारांच्या आत ते पुन्हा का हरलं?

रबर म्हातारं होतं हे खरं, पण आतून त्याला कोणी ढकलत असेल तर ते लवकर हरतं. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस नेहमीच क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत, उतरत असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून इनटेकमध्ये (इंजिन हवा आत घेतं त्या वाटेत) ओढला जातो आणि पुन्हा जळतो. ही वाट बुजली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जो सांधा सगळ्यात कमजोर, तिथून ऑइल बाहेर पडतं.

तपासायला एक पातळ रबरी हातमोजा पुरतो. ऑइल भरायचं झाकण काढलं, तोंडावर मोजा ताणून बसवला, धाकट्या भावाला इंजिन चालू करायला सांगितलं. आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) मोजा हलकासा आत ओढला जायला हवा. माझा फुगला, पाची बोटं ताठ! व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतला प्लंजर खुळखुळायला हवा, पण आवाजच नाही. नळी तर इनटेकच्या टोकाला काळ्या गाळानं इतकी भरली होती की बॉलपेनची रिफिल जेमतेम जाईल.

पण रिंगाच झिजल्या असतील तर? मग गॅसच इतका होईल की नवा व्हॉल्व्हही अपुरा पडेल. म्हणून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) घेतलं: १७२, १६८, १७०, १६५ पीएसआय. चारही जवळजवळ. या वयाच्या इंजिनाला मी याहून जास्त काही मागणार नाही.

ओडोमीटर २,३८,४३५, तिसरा दिवस

टॅपेट कव्हर उघडलं. जुनं पॅकिंग हातात घेतलं तर ते वाकेना, कडकन तुटलं. नव्याची कड गोलसर असते, याची चापट चौकोनी झाली होती. स्पार्क प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या विहिरींची सीलंही तशीच कडक. तिसऱ्या विहिरीत तळाला ऑइल साचायला लागलं होतं, आणखी काही महिन्यांत मिसफायर सुरू झालं असतं. कॉम्प्रेशन घेताना प्लग काढण्याआधी ते कापडानं टिपून घेतलं होतं, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये गेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईत घालवला आणि त्याचं समाधान आहे. हेड अॅल्युमिनियमचं, त्यावर लोखंडी पातं फिरवलं की ओरखडा पडतो आणि तोच गळतीची नवी वाट होतो. प्लास्टिकचं पातं, फडकं, ब्रेक क्लीनर, आणि आत काही पडू नये म्हणून कॅमवर कापड. कव्हर उलटं करून त्याच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली, खालून उजेड दिसला नाही, म्हणजे ते वाकलेलं नाही.

सिलिकॉन फक्त चार ठिकाणी, कॅमची टोपी आणि हेड जिथे कोनात मिळतात तिथे, मुगाच्या दाण्याएवढं. अख्ख्या पॅकिंगवर सिलिकॉन फासायची पद्धत मला अजिबात पटत नाही. पॅकिंग घसरतं, आत निघालेले तुकडे ऑइलच्या जाळीपर्यंत पोचतात.

बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं १० न्यूटन-मीटरवर. हा माझ्या इंजिनाचा आकडा आहे, तुमच्या मॅन्युअलमधला तुम्ही घ्या. ६ मिमीचे हे बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळले तर पॅकिंग चेपतं, नाहीतर हेडमधला आटाच जातो. नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, नवी नळी, नवा प्रेशर स्विच. सिलिकॉन सुकायला गाडी पूर्ण २४ तास उभी ठेवली.

चालू केल्यावर पहिलं काम मोज्याचं. तो आत ओढला गेला, तळवा आत खोलगट होऊन बसला. भाऊ म्हणाला, "ताई, फोटो काढ की!" काढला.

ओडोमीटर २,३९,०२०

५८५ किलोमीटर झाले. डिपस्टिकवर फरक केसाएवढा. हीटर लावला की केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास यायचा, तोही गेला. पुठ्ठा सलग सहा रात्री कोरडा. टॉर्च मारला तर टॅपेट कव्हरची चारही बाजूंची कड काळी, चमक नाही.

चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) सांध्यावर मात्र पुढच्या बाजूला पुसट पिवळी ओल दिसते. थेंब धरत नाही. ते बोल्ट आत्ता आवळणार नाही, जुनं पॅकिंग आणखी चेपून फाटेल. क्रँककेसचा दाब उतरल्यावर ती ओल तशीच राहते की वाढते, हे आधी बघायचंय. ती जागा पुसून बाजूला खडूनं खूण केलीय. २,४०,००० ला ऑइल बदलताना डायही निघून जाईल, त्याआधी पुन्हा एकदा टॉर्च मारते आणि इथे लिहिते.