रजिस्टरातली एक ओळ

कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्या प्रौढांचा दीक्षावर्ग म्हटला की लोकांना वाटतं, वर्षभर बायबलचे धडे आणि पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री बाप्तिस्मा. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ नाइट शिफ्टवाल्यांना गाठण्यात, स्पॉन्सर, म्हणजे उमेदवाराला साथ देणारा कॅथलिक, शोधण्यात आणि रजिस्टर लिहिण्यात जातो. त्या रजिस्टराला कुणी विचारत नाही. ठाण्यातल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मात्र एका माणसाचं सगळं त्या रजिस्टरावर येऊन ठेपलं.

आमचा हा दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारा उमेदवार, पन्नाशीचा, संगमनेरकडचा, जन्माने हिंदू. बायको वसईची कॅथलिक. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तो स्वतःहून वर्गाला आला. ऑगस्टमध्ये त्याचा स्वीकारविधी, म्हणजे दीक्षार्थी म्हणून स्वीकारण्याचा विधी, झाला. फादर देवळाच्या दारातच नाव विचारतात, काय मागतोस विचारतात आणि कपाळावर क्रुसाची खूण करतात. मग कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवर खूण होते आणि त्यानंतरच उमेदवार आत येतो. त्याच दिवशी दीक्षार्थींच्या रजिस्टरात नाव, स्पॉन्सर, विधी करणारे फादर, तारीख आणि ठिकाण लिहायचं असतं. बऱ्याच ठिकाणी हा विधी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर, त्यातल्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी उमेदवार निवडतात त्या निवडविधीच्या आठवडाभर आधी उरकून टाकतात. वर्ग उशिरा भरतो, माणसं गळतात, कशाला आधी नावं लिहायची, असा हिशेब. मला तो कधीच पटला नाही.

जानेवारीत त्याला हार्ट अटॅक आला. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. फादर निघाले आणि ट्रॅफिकमध्ये अडकले. बायको आत होती, पर्समध्ये पाण्याची बाटली होती. बाहेर तिची बहीण, आमच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या (धर्मग्रामातल्या शेजारपाजारच्या गटाच्या) दोन बायका, सगळ्या जन्माच्या कॅथलिक. रोझरीची माळ चालू होती आणि सगळ्यांचं एकच पालुपद, ‘फादर येऊ देत.’ फादर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

मरणाच्या दारात असलेल्याला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बायको, नर्स, अगदी हिंदू वॉर्डबॉयसुद्धा. चर्च जे करतं ते करायचा हेतू हवा, बस. ऑक्सिजन मास्क काढायची गरज नसते, कपाळ मोकळंच असतं. साधं पाणी तीनदा ओतायचं, झाकणभर पुरतं, पण ते वाहायला हवं. बोट बुडवून क्रूस काढला तर तो बाप्तिस्मा नव्हे. ओतताना त्याच माणसाने म्हणायचं, ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो.’ एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, हे चालत नाही. ‘आम्ही देतो’ म्हटलं तर तो ग्राह्य नाही, हे व्हॅटिकनने 2020 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. माणूस बेशुद्ध असेल तर त्याने आधी इच्छा दाखवलेली हवी, आणि दीक्षार्थीची ती असतेच. नंतर धर्मग्रामात कळवून नोंद करायची. मृत्यूनंतर मात्र देता येत नाही. जन्मभर मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणाऱ्यांना हे आम्ही कधी शिकवलंच नाही, नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, मात्र सगळ्या पाठ.

दुसऱ्या दिवशी सेमेट्रीचा, म्हणजे चर्चच्या दफनभूमीचा, प्रश्न आला. कमिटीतल्या गृहस्थांनी फॉर्म पुढे केला, ‘बाप्तिस्म्याचा दाखला?’ नाही म्हटल्यावर, ‘मग बाहेर बघा.’ नियम न वाचता नियम सांगणारी माणसं प्रत्येक धर्मग्रामात सापडतात. मी रजिस्टर उघडून ऑगस्टची ओळ दाखवली. चर्चच्या कायदेसंहितेचा (1983) 788 वा नियम म्हणतो की दीक्षार्थींची नावं रजिस्टरात लिहावीत. 1183 वा म्हणतो की अंत्यविधीच्या बाबतीत दीक्षार्थी श्रद्धावंतच समजावेत. म्हणजे पूर्ण मिस्सा आणि कबरही, फक्त त्याला न मिळालेल्या संस्कारांचे उल्लेख प्रार्थनांतून गाळायचे. फादरांनी सही केली. संगमनेरहून आलेले भाऊ ‘वहिनी म्हणेल तसं’ म्हणाले. त्यांच्याकडून अडचण येईल असं आमच्यातल्याच काहींना वाटलं होतं, अडचण मात्र घरचीच निघाली.

त्याची बायको अजून विचारते, ‘मी पाणी ओतलं असतं तर?’ मी तिला कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातला (कॅटेकिझममधला) 1259 वा परिच्छेद वाचून दाखवते. बाप्तिस्म्याआधी वारलेल्या दीक्षार्थीची त्याविषयीची स्पष्ट इच्छा, पापांचा पश्चात्ताप आणि प्रेम त्याच्या तारणाला पुरतात, असं त्यात आहे. रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन 392 मध्ये असाच बाप्तिस्म्याआधी गेला, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोजनेही त्याच्या बहिणींना हेच सांगितलं. ती मान डोलावते, पण पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न. उत्तर बरोबर आहे, पण तिला ते पुरत नाही, आणि तिचंही चुकतंय असं मला म्हणवत नाही.

आता समूहाच्या बैठकीत बाहुली आणि बाटली घेऊन सराव घेतो. जिवंत माणसावर पाण्यासकट पूर्ण वाक्य म्हणून सराव करायचा नाही, हे आधी बजावते. सेमेट्रीच्या फॉर्मवर बाप्तिस्म्याच्या रकान्याखाली ‘किंवा दीक्षार्थी रजिस्टर क्रमांक’ छापा, असं कमिटीला लेखी दिलंय. जुने फॉर्म संपल्यावर बघू, असं उत्तर आलंय. गठ्ठा जाडजूड आहे.